बॅटरीवरचा क्षार आणि उस्तादाचे हात

कोल्हापुरात सकाळी गाडी उचलली नाही की दोनच उपाय सुचतात. गल्लीतल्या पोरांना धक्का मारायला बोलवायचं, नाहीतर मिस्त्रीला फोन लावायचा. बॉनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलवर काय साठलंय ते बघायचं काम फार थोडे जण करतात. तिथं बहुतेक वेळा पांढरट किंवा हिरवट-निळसर पापुद्रा धरलेला असतो. कुणी म्हणतं कार्बन आलाय, कुणी म्हणतं बुरशी, कुणी नुसतं 'क्षार जमलाय' म्हणून सोडून देतं. तो कार्बन नव्हे आणि बुरशी तर नव्हेच. ते तेजाबाचं, म्हणजे गंधकाम्लाचं काम आहे.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, हा क्षार येऊ न देणं आणि आलाच तर काढणं हे किराणा दुकानातल्या सामानात होणारं दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी, हे काम आपण करत नाही म्हणून आपल्यासाठी जो करतो, तो अनेकदा आपल्याच मोहल्ल्यातला पोरगा असतो, आणि त्याचे हात उघडे असतात. पहिली गोष्ट गाडीमालकाच्या सोयीची आहे, दुसरी आपल्या सगळ्यांच्या जबाबदारीची. पण पहिली समजल्याशिवाय दुसरीचं गांभीर्य कळत नाही, म्हणून सुरुवात बॅटरीपासून करू.

गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी पहिली बॅटरी तयार केली. त्यानंतर गाड्या किती बदलल्या, पण बॉनेटखालच्या त्या डब्याचं मूळ तत्त्व तेच राहिलं. शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि पाण्यात मिसळलेलं गंधकाम्ल. एका डब्यात सहा कप्पे, प्रत्येकाचे दोन व्होल्टहून थोडे जास्त, असे मिळून बारा व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीतल्या द्रावात वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त तेजाब असतं. आपण त्याला बिनधास्त 'बॅटरीचं पाणी' म्हणतो. दुकानातून बाटलीत आणतो त्या डिस्टिल्ड वॉटरलाही बॅटरीचंच पाणी म्हणतो. एकाच नावानं दोन वस्तू. त्यातली एक निरुपद्रवी आणि दुसरी डोळा घालवणारी. गॅरेजमधल्या नवख्या पोराला हा फरक बहुतेक वेळा बोटं भाजल्यावरच कळतो.

हे तेजाब बाहेर कसं येतं? बॅटरी चार्ज होताना पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू सुटतात. त्यांच्या बुडबुड्यांबरोबर तेजाबाचे अतिसूक्ष्म तुषार झाकणाच्या भोकांतून वर येतात. टर्मिनलचा शिशाचा खुंट प्लॅस्टिकच्या झाकणातून जिथं बाहेर निघतो, तिथल्या बारीक फटीतूनही तेजाब झिरपतं. पाणी खुणेच्या वर भरलं असेल तर ते उसळून बाहेर येतं. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला असेल तर बॅटरी अक्षरशः उकळते. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. आकडा पंधराच्या वर जात असेल तर क्षार पुसून उपयोग नाही, दोष दुसरीकडे आहे.

बाहेर आलेलं तेजाब शिशाच्या खुंटावर आणि क्लँपवर बसलं की पांढरं लेड सल्फेट तयार होतं. तांब्याच्या वायरला लागलं की हिरवा-निळा थर येतो. तो निळा थर म्हणजे आपला मोरचूद. तासगावच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी चुन्यात जो मोरचूद घालतात, तोच पदार्थ आपल्या गाडीच्या वायरीवर आपोआप तयार होत असतो आणि वायर आतून खात असतो.

हा थर वीज नीट वाहू देत नाही. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढते. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत एका ओमच्या शंभराव्या भागाइतका अडथळा आला तरी एक-दोन व्होल्ट तिथंच खर्च होतात. मग सेल्फ 'कट् कट्' वाजतो आणि इंजिन फिरत नाही. त्याच क्षारामुळं चार्जिंगही अर्धवट होतं आणि अर्धवट चार्ज राहिलेली बॅटरी आतूनही खराब होत जाते. गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरी गेली. घाईत असलेला दुकानदारही म्हणतो, गेली. नवी बॅटरी बसते, गाडी उचलते आणि सगळे खूश होतात. त्यातल्या कितीतरी जुन्या बॅटऱ्यांचा दोष फक्त टर्मिनलवर होता, हे कुणी तपासायला जात नाही. पैसा वाया गेला तो गेलाच. शिशाचा आणि तेजाबाचा एक डबा वेळेआधी भंगारात गेला. हे दुसरं नुकसान मोठं आहे, त्याकडे पुढे येतो.

आपल्याकडचा पाऊस या दुखण्यात भर घालतो. जून ते सप्टेंबर ओल हटत नाही. बॅटरीच्या झाकणावर धूळ, तेजाबाचे तुषार आणि ओल यांचा चिकट थर बसला की दोन टर्मिनलांमध्ये वीज हळूहळू झिरपत राहते. पावसाळ्यात आठ दिवस उभी ठेवलेली गाडी म्हणूनच रुसते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. पुरातून निघालेल्या गाडीला किल्ली लावायची घाई करू नये. आधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडवावा आणि झाकणांतून गढूळ पाणी आत गेलंय का हे जाणकाराकडून बघून घ्यावं. ज्यांनी तेव्हा उत्साहानं सेल्फ मारला, त्यांच्या वायरिंगचं काय झालं ते त्यांना विचारा.

आता क्षार काढायची रीत. इंजिन बंद, किल्ली बाहेर. अंगठी, घड्याळ, कडं उतरवून ठेवायचं, कारण पाना आणि अंगठी यांच्यातून वीज गेली तर बोट जळतं. डोळ्याला चष्मा, हाताला रबरी मोजे. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवायचं, मग पॉझिटिव्ह. हा क्रम ठरण्याला कारण आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होऊन गेलेल्या बॅटरीभोवती हायड्रोजन रेंगाळत असतो. हवेत तो चार टक्के असला तरी पेट घेतो. निगेटिव्ह आधी सोडवला की हा धोका राहत नाही. बसवताना उलट, पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी.

मग कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवायचा. बॅटरीची सगळी बुचं घट्ट लावलेली आहेत ना हे बघायचं, कारण सोडा आत गेला तर तिथलं तेजाब मारून टाकेल. जुन्या टूथब्रशनं हे पाणी क्षारावर लावायचं. फसफसून फेस येईल. तेजाब आणि सोडा एकमेकांना मारून त्यातून साधा क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोच हा फेस. फेस यायचा थांबला म्हणजे तेजाब संपलं. थोड्या स्वच्छ पाण्यानं धुऊन फडक्यानं कोरडं करायचं. खुंट आणि क्लँपची आतली बाजू ब्रशनं चकचकीत होईपर्यंत साफ करायची, पण ओली असतानाच. क्लँप घट्ट बसवायचा आणि मग वरून व्हॅसलीनचा पातळ लेप द्यायचा. आधी जोड, मग लेप, हा क्रम विसरायचा नाही. क्लँपच्या खाली तेलकट वॉशर मिळतात, तेही घालता येतात. पाण्याची पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचं किंवा फिल्टरचं नाही, आणि पातळीची खूण ओलांडायची नाही. बंदिस्त बॅटरीला पाणी लागत नाही, पण तिच्याही टर्मिनलला क्षार येतो. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हेच सगळं लागू आहे. ती तर माजघरात असते आणि तिच्याकडे कुणी वर्षानुवर्षं बघत नाही.

दोन-तीन महिन्यांतून एकदा हे केलं तर क्षाराचा पापुद्रा धरतच नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, आमचा मिस्त्री तर गरम पाणी ओततो, किंवा थंडाची बाटली ओततो आणि क्षार निघून जातो. निघतो खरा. पण गरम पाण्यानं तेजाब मरत नाही, ते फक्त दुसरीकडे वाहत जातं. खालच्या पत्र्यावर, वायरिंगवर आणि शेवटी गॅरेजच्या फरशीवर. थंडाच्या बाटलीत स्वतःच सौम्य आम्ल असतं आणि वर साखरेचा चिकटपणा राहतो तो वेगळाच. कोरड्या पॉलिश पेपरनं घासलं की शिशाची भुकटी उडते, आणि मिस्त्री ती तोंडानं फुंकून साफ करतो. टर्मिनल निघत नाही म्हणून हातोडी मारली की आतली जोडणी तुटते. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे बॅटरी 'तेज' करायला वरून तेजाब घालणं. बॅटरीतलं पाणी उडतं, तेजाब उडत नाही. वरून तेजाब घातलेली बॅटरी चार दिवस जोरात चालते आणि मग कायमची बसते.

सोड्याचा उल्लेख आला म्हणून एक शब्द सांगतो. सोड्यासारख्या पदार्थांना शास्त्रात अल्कली म्हणतात. हा शब्द अरबी 'अल्-कली'वरून आला. खारट जमिनीत वाढणारी झुडपं जाळून मिळणारी राख म्हणजे कली. त्या राखेपासून साबण आणि काच करायची कला अरब कारागिरांना चांगली अवगत होती. आपल्या स्वयंपाकघरातला पापडखार त्याच घराण्यातला. तेजाब हा शब्द फारसी, तेज आणि आब, म्हणजे तिखट पाणी. आपल्या मोहल्ल्यातल्या जलशांत या वारशाचा अभिमान वारंवार ऐकायला मिळतो. मुसलमानांनी जगाला रसायनशास्त्र दिलं वगैरे. त्या अभिमानाला माझी हरकत नाही. पण तेजाबाला सोडा मारतो एवढं साधं रसायनशास्त्र आपल्याच गॅरेजमधल्या पोरापर्यंत पोचलेलं नसेल, तर आठव्या-नवव्या शतकातल्या कर्तबगारीचा त्याला काय उपयोग?

आता या पोराविषयी.

सच्चर समितीच्या २००६च्या अहवालानं एक गोष्ट आकड्यांनिशी दाखवली होती. मुसलमान मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारावर जगतात, आणि ज्या व्यवसायांत त्यांचा वावर ठळक आहे त्यांत वाहनदुरुस्ती येते. त्यासाठी कोल्हापुरात अहवाल वाचायची गरज नाही. कावळा नाक्यापासून तावडे हॉटेलपर्यंत किंवा उद्यमनगरातून एक फेरी मारा. पंक्चर, वेल्डिंग, कुशन, रेडिएटर, बॅटरी, ऑटो इलेक्ट्रिकल. पाट्यांवरची नावं वाचत चला. या शहरात तालमीतल्या गुरूला 'वस्ताद' म्हणतात आणि गॅरेजमधल्या गुरूला 'उस्ताद'. शब्द एकच. तालमीतला वस्ताद पोराला आधी पडायचं कसं हे शिकवतो, मग डाव. गॅरेजमधला उस्ताद पडायचं शिकवत नाही. त्यालाही कुणी शिकवलेलं नसतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली इथं मुस्लिम बोर्डिंग सुरू करून दिलं, ते आपली पोरं शिकावीत म्हणून. शंभराहून अधिक वर्षं उलटली. बरीच पोरं शिकली. पण आठवी-नववीत शाळा सुटली की 'कामाला लाव, हुनर शिकेल' हे वाक्य अजूनही घराघरात ऐकू येतं. हुनर शिकण्यात काहीच कमीपणा नाही. उलट हातात कसब असलेला माणूस नोकरीच्या रांगेत उभ्या असलेल्या पदवीधरापेक्षा ताठ मानेनं जगतो, हे मी रोज बघतो. माझा आक्षेप एवढाच की आपण हुनर शिकवतो आणि त्यातलं विष सांगत नाही.

तेजाबानं काय होतं हे त्या पोराचे कपडे सांगतात. सुती शर्टावर उडालेला थेंब वाळतो, दिसत नाही, आणि धुतल्यावर तिथं भोक पडतं. कातडीवर चट्टे येतात. तेजाबाच्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे पुढचे दात झिजतात, हे दंतवैद्यांना ठाऊक आहे. गंधकाम्लाचे तुषार कामाच्या ठिकाणी सतत श्वासात जाणं हे कर्करोगाचं सिद्ध कारण असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं १९९२ सालीच जाहीर केलं. आणि डोळा. डोळ्यात एक थेंब गेला तर पहिल्या काही सेकंदांत पाणी मारायला सुरुवात करावी लागते आणि ते किमान पंधरा-वीस मिनिटं मारत राहावं लागतं. नळ कुठाय हे शोधत बसलं तर नजर जाते. डोळ्यात मात्र सोडा घालायचा नाही, नुसतं स्वच्छ पाणी.

तेजाब निदान दिसतं, झोंबतं, ओरडायला लावतं. शिसं गप्प असतं. टर्मिनलवरची ती पांढरी भुकटी म्हणजे शिशाचंच संयुग आहे. ते बोटांना लागतं, नखांत बसतं आणि चहाच्या कपाबरोबर, गुटख्याच्या पुडीबरोबर पोटात जातं. मोठ्यांना त्यामुळं रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार, हातापायांतली कमजोरी असे त्रास होतात. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली अंदाज मांडला की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिसं चिंताजनक प्रमाणात आहे. त्यांतली साधारण साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली. कारणांच्या यादीत जुन्या बॅटऱ्यांची हलगर्जीपणे केलेली मोडतोड अगदी वरच्या जागी आहे.

आणि यात एक बाब खास आपल्यासाठी आहे, जी मी कुठल्याच बयानात ऐकलेली नाही. रिकाम्या पोटी शिसं भरल्या पोटापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात रक्तात शोषलं जातं. आता रमजानचा विचार करा. पोरगा सहरी करून गॅरेजला येतो, दिवसभर बॅटऱ्या हाताळतो आणि मगरिबची अजान झाली की तिथंच बसून रोजा खोलतो. वजू केलेला असतो, त्यामुळं हात स्वच्छ आहेत असं त्याला वाटतं. पण नुसत्या पाण्यानं शिसं जात नाही. तो खजूर उचलतो आणि बारा-तेरा तास रिकाम्या असलेल्या पोटात बोटांवरचं शिसं जातं. उपाय एका वाक्याचा आहे. वजूच्या आधी साबण, नखांतल्या ब्रशासकट. पाकीची एवढी शिकवण असलेल्या समाजाला हे सांगायला अवघड जाऊ नये.

हेच शिसं कपड्यांवरून घरी जातं. दार उघडताच लेक अब्बाच्या पायाला मिठी मारते. बायको किंवा आई तेच कपडे घरच्या कपड्यांबरोबर भिजवते. गॅरेजमध्ये कधी पाय न ठेवलेली माणसं गॅरेजचा हिस्सा अशी घरी घेतात. कामाचे कपडे कामावरच बदलणं आणि ते वेगळे धुणं, याला कुठलं यंत्र लागत नाही आणि खर्चही येत नाही.

हलगर्जीपणाचा शेवट कुठं होतो याचं उदाहरण आफ्रिकेतल्या सेनेगल या मुस्लिमबहुल देशात घडलं. राजधानी डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं विकत आणि शिसं मिसळलेली माती चाळत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथली अठरा लहान मुलं दगावली. कारण उशिरा कळलं, तेव्हा त्यांच्या भावंडांच्या आणि आयांच्या रक्तातही शिसं भयंकर प्रमाणात सापडलं. त्या बायका गुन्हेगार नव्हत्या. संसाराला हातभार लागावा म्हणून माती चाळत होत्या.

कायदा आपल्याकडेही आहे. बॅटऱ्यांविषयीचे नियम २००१ साली आले. विक्रेत्यानं जुनी बॅटरी परत घ्यायची, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये नवे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले आणि बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी टाकली गेली. शिसं पुन्हा पुन्हा वापरता येतं, त्यामुळं हा मार्ग योग्यच आहे. पण हे नियम कंपनी, मोठा विक्रेता आणि नोंदणीकृत कारखाना यांच्याशी बोलतात. दहा बाय दहाच्या दुकानातल्या उस्तादाशी कुणी बोलत नाही. आणि आपण दारावर आलेल्या भंगारवाल्यानं शंभर-दोनशे रुपये जास्त दिले की बॅटरी त्याला देऊन मोकळे होतो. ते जादा पैसे कुठून आले? बॅटरी कुठंतरी उघड्यावर फुटणार, तेजाब गटारात जाणार आणि शिसं चुलीवर वितळणार, म्हणून ते परवडतात. आपल्याकडचं गटार शेवटी पंचगंगेला मिळतं. तिच्या प्रदूषणावर सभांमधून ताशेरे ओढताना हा हिशेबही धरायला हवा.

पोरांच्या वयाचंही स्पष्ट बोललं पाहिजे. २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदाखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि अठराखालच्याला धोकादायक कामाला लावता येत नाही. घरच्या धंद्यात मदतीची जी सवलत आहे, ती शाळेच्या वेळेनंतरची आणि बिनधोक कामापुरती आहे. तेजाब आणि शिसं त्यात बसत नाही. 'बापाचंच दुकान आहे' ही सबब कायद्यात टिकत नाही आणि माझ्या मते अल्लाहसमोरही टिकणार नाही. लेकरू अमानत आहे असं आपणच म्हणतो.

या सगळ्यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, 'आमच्या वालिदनी चाळीस वर्षं हेच केलं, काही झालं नाही.' त्यांचा रक्तदाब, त्यांचे दात आणि त्यांच्या हाताची थरथर कशामुळं होती, हे कधी कुणी तपासलं? काही झालं नाही आणि काही तपासलं नाही, यांत फरक आहे. दुसरं, 'मोजे घातले की पाना पकडता येत नाही.' जाड मोज्यांनी नाही येत, हे खरं. पातळ नायट्राइलचे मोजे घालून येतो. तिसरं, 'खर्च कोण करणार?' चष्मा शंभर-दीडशे रुपयांत येतो. सोडा किराण्यात मिळतो. एका नव्या बॅटरीवरच्या नफ्यात दुकानाचं वर्षाचं सामान निघतं. चौथं, 'अल्लाह राखणारा आहे.' निःसंशय आहे. पण उंट मोकळा सोडून तवक्कुलच्या गोष्टी करणाऱ्याला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितलं, ही हदीस आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. चष्मा घालणं म्हणजे उंट बांधणंच. आणि पाचवं, हल्लीचं, 'आता इलेक्ट्रिक गाड्या येणार, हे सगळं संपेल.' लवकर संपणार नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींतही दिवे आणि कुलपं चालवायला बारा व्होल्टची शिशाची बॅटरी असते. कितीतरी ई-रिक्षा तर पूर्णपणे शिशाच्या बॅटऱ्यांवरच धावतात.

मग करायचं काय? गाडीवाल्यानं तीन महिन्यांतून एकदा बॉनेट उघडावं आणि जुनी बॅटरी पावती घेऊन विक्रेत्यालाच परत द्यावी. भंगारातले शंभर रुपये सोडून द्यावेत. गॅरेजवाल्यानं सोडा विरघळवलेल्या पाण्याची बादली आणि डोळे धुवायला स्वच्छ पाण्याचा कॅन हाताशी ठेवावा, तेजाबात पाणी न ओतता पाण्यात तेजाब ओतायची सवय पोरांना लावावी आणि बॅटरीच्या टेबलावर चहा-नाश्ता बंद करावा. गिऱ्हाइकानंही दोन मिनिटं थांबायला शिकावं. 'ए उस्ताद, लवकर उरक' म्हणत उभं राहिलेल्या माणसासमोर कुणी मोजे शोधायला जात नाही.

आणि आपल्या संस्थांनी? जमातीकडे जागा आहे, जुम्म्याला माणसं जमतात, आपल्यातच डॉक्टर आहेत, आयटीआय झालेले, अभियंते झालेले तरुण आहेत. वर्षातून एक रविवार ऑटो इलेक्ट्रिशियन आणि बॅटरीवाल्यांसाठी ठेवता येईल. दोन तास सोडा, चष्मा, मोजे, पान्याचा क्रम दाखवायचा, आणि सोबत रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्यायची. फक्त मुसलमान पोरांसाठी नव्हे. शेजारच्या गाळ्यातला मराठा, दलित, लिंगायत पोरगाही त्याच तेजाबात हात घालतो, त्यालाही हाक मारायची. मोफत वह्यावाटपाचे कार्यक्रम आपण उत्साहानं करतो, फोटो निघतात. मोफत चष्मेवाटपाचा फोटोही चांगला येईल.

रमजान सुरू व्हायच्या आधीच्या जुम्म्याला बयानात पाच मिनिटं या विषयाला मिळाली, तर निदान इफ्तारच्या दस्तरखानावर बसण्याआधी गॅरेजमधली पोरं साबणानं हात धुतील. एवढ्यापासून सुरुवात करू. कोल्हापुरातल्या कुठल्या मशिदीच्या विश्वस्तांना हे करायची इच्छा असेल, तर पोरांना दाखवायला सोडा, ब्रश आणि एक जुनी बॅटरी घेऊन मी यायला तयार आहे.